चाल मोजायची कशी? शाईचे ठसे, हाडातल्या पिना आणि १९५३ चा एक पेपर

तुमच्यापैकी जे पेट देऊन बायोमेकॅनिक्स, फिजिओथेरपी किंवा क्रीडाविज्ञानाकडे यायच्या विचारात आहेत, त्यांना लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाईल: मार्कर कुठे चिकटवायचे. कंबरेच्या हाडाच्या दोन टोकांवर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्यावर, टाचेवर. मग माणूस चालतो, कॅमेरे ते चमकणारे ठिपके टिपतात, सॉफ्टवेअर काड्यांचा माणूस उभा करतं आणि खाली गुडघ्याच्या कोनाचा आलेख उमटतो. आलेख इतका सुबक असतो की वाटतं, झालं, चाल मोजून झाली.

या लेखात त्या आलेखामागची साधारण दोनशे वर्षं सांगायची आहेत. इतिहासाची आवड असली तर उत्तमच, पण माझं कारण वेगळं आहे. या विषयात एक स्पष्टीकरण पुरेसं मोजून न बघताच पाठ्यपुस्तकात शिरलं आणि जवळजवळ अर्धं शतक तिथेच बसलं. व्हायवाच्या तयारीसाठी तुम्ही जी नोट्सची वही कुणाकडून तरी घ्याल, तिच्यातही ते असण्याची शक्यता बरीच आहे. ते तिथे कसं आलं हे समजून घ्यायचं तर जरा मागून यावं लागतं.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करायची पद्धत आहे. ती मी मोडते, आणि थेट १८३६ सालच्या जर्मनीत जाते. विल्हेल्म वेबर हा भौतिकशास्त्रज्ञ (चुंबकीय फ्लक्सच्या एककाला ज्याचं नाव आहे, तोच) आणि त्याचा धाकटा भाऊ एडुआर्ड हा शरीरशास्त्राचा अभ्यासक. दोघांनी मिळून माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर एक पुस्तक लिहिलं. साधनं काय? घड्याळ, मोजपट्टी आणि दुर्बीण. शिवाय प्रेतांवरचे प्रयोग. त्यातला एक प्रयोग फार गमतीचा आहे. त्यांनी खुब्याभोवतीचे सगळे स्नायू आणि सांध्याचं आवरण कापून टाकलं, तरी पाय गळून पडला नाही, लटकूनच राहिला. मग कंबरेच्या बाजूने खुब्याच्या खोबणीत एक भोक पाडलं, आत हवा शिरली आणि पाय खाली आला. म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवण्यात हवेच्या दाबाचा मोठा वाटा आहे, असं त्यांनी दाखवलं.

इथून त्यांनी एक उडी मारली. पाय जर असा अलगद टांगलेला असेल आणि सांध्यात घर्षण जवळजवळ नसेल, तर चालताना मागचा पाय पुढे येतो तो लंबकासारखा, निव्वळ गुरुत्वाकर्षणाने, स्नायूंना काही काम न करता. कल्पना सुंदर होती. गणित जुळत होतं. पायाची लांबी माहीत असली की झोक्याला किती वेळ लागेल ते काढता येतं, आणि मोजलेल्या वेळेशी ते बऱ्यापैकी मिळतंही.

याला पहिला ठोस आक्षेप आला तो प्रयोगशाळेतून नाही, रुग्णांच्या खाटेजवळून. फ्रान्समधला डॉक्टर द्युशेन (स्नायूंच्या ज्या आजाराला त्याचं नाव आहे तो तुम्हाला माहीत असेल) याने १८६७ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की खुबा वाकवणारे स्नायू ज्यांचे लुळे पडलेत त्यांना पाय पुढे आणताच येत नाही, त्यांना कंबर उचलून, अंग फिरवून तो ओढावा लागतो. आता पाय जर नुसता लंबक असता तर या रुग्णांना अडचण यायचं कारणच नव्हतं. वेबर बंधूंनी धडधाकट माणसं आणि प्रेतं पाहिली होती. द्युशेनने अधलीमधली माणसं पाहिली होती, ज्यांच्यात एकच गोष्ट कमी आहे. संशोधनात आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तो इथे आजारानेच तयार करून दिला होता.

पुढची पायरी म्हणजे चाल कुठेतरी उमटवून ठेवणं. डोळ्यांना ती धरून ठेवता येत नाही. पॅरिसमधल्या एतिएन-ज्यूल मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बुटाच्या तळाला रबराची हवेची पोकळी बसवली. पाय टेकला की हवा नळीतून पुढे ढकलली जायची आणि चालणाऱ्याच्या हातातल्या फिरत्या डबीवर, काजळी धरलेल्या कागदावर, रेघ उमटायची. १८७३ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. आज आपण बुटात घालतो त्या प्रेशर इनसोलचा हा पणजोबाच. १८८२ मध्ये त्याने बंदुकीसारखा कॅमेरा बनवला, एका सेकंदात बारा छायाचित्रं घेणारा. पण एका प्लेटवर एकावर एक प्रतिमा पडल्या की अंगांची सरमिसळ व्हायची, काही कळेना. मग त्याने माणसाला पूर्ण काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावले आणि काळ्या पडद्यासमोर चालवलं. प्लेटवर माणूस दिसेनासा झाला, उरल्या फक्त रेघा. आपल्या स्क्रीनवरचा काड्यांचा माणूस जन्माला आला तो असा. विचार करा, माणूस पुसून टाकल्यावर चाल दिसायला लागली.

मारेचं नाव घेतलं की मायब्रिजचं नाव येतंच. दोघं १८३० मध्ये जन्मले आणि दोघं १९०४ च्या मे महिन्यात गेले, हा योगायोगही छान आहे. कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेली १८७८ ची छायाचित्रं तुम्ही पाहिलीच असतील. पुढे फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात त्याने जे प्रचंड काम केलं (१८८७ मध्ये ७८१ प्लेट्स छापल्या), त्यात डर्कम नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाबरोबर चालण्याचे विकार असलेल्या रुग्णांची छायाचित्रमालिकाही आहे. पण माझं मत विचाराल तर मोजमापाच्या दृष्टीने मारे कितीतरी पुढे होता. मायब्रिजच्या काही मालिकांमधले फोटो सलग क्षणांचे नाहीत, नीट दिसावेत म्हणून जुळवलेले आहेत, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. चित्र म्हणून ते अप्रतिम आहे. डेटा म्हणून वापरताना मात्र दहादा विचार करावा लागेल.

आणि याच काळात, कॅमेऱ्याच्या नादाला न लागता, पॅरिसच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने काय केलं बघा. जिल द ला तुरेत. हो, तुरेत सिंड्रोमवालाच. १८८६ मध्ये त्याने सात-आठ मीटर लांब पांढऱ्या कागदाची गुंडाळी जमिनीवर अंथरली, मधोमध रेघ मारली, रुग्णाच्या तळपायांना लोहाच्या ऑक्साइडची तांबडी भुकटी लावली आणि चालायला सांगितलं. मग पट्टी घेऊन पावलाची लांबी, दोन पावलांतलं आडवं अंतर, पाऊल किती बाहेर वळलंय तो कोन, सगळं मोजलं. आधी निरोगी लोकांचं, मग पार्किन्सनसारख्या विकारांच्या रुग्णांचं. खर्च जवळजवळ शून्य. ज्या कॉलेजात मोशन कॅप्चर नाही त्यांनी रडत बसू नये म्हणून हा परिच्छेद मुद्दाम लिहिला. कागद आणि शाईवर केलेला नीट अभ्यास आजही करता येतो, फक्त प्रश्न तेवढ्याच मापाचा हवा.

वेबरच्या लंबकाचं पुढे काय झालं? तो हिशेब लाइपझिगमध्ये पुरा झाला. ब्राउन हा शरीररचनातज्ज्ञ आणि ओटो फिशर हा गणिती. त्यांना शोधायचं होतं की पाय पुढे येताना त्याच्यावर नक्की किती बल लागतं. त्यासाठी आधी पायाच्या प्रत्येक भागाचं वजन आणि गुरुत्वमध्य हवा, म्हणून त्यांनी गोठवलेली प्रेतं कापून ते काढले. त्या कामाला लष्करी संदर्भ होता: सैनिकाच्या पाठीवरचं ओझं कसं बसवावं. मग एका तरुण सैनिकाच्या अंगावर वायू भरलेल्या बारीक काचेच्या नळ्या बांधल्या, ज्या विजेने ठराविक वेळाने चमकायच्या. प्रयोग रात्री, कारण एवढी मोठी अंधारी खोली नव्हती. चार कॅमेरे. १८९१ मधली ती एक रात्र. नंतरची आकडेमोड, त्रिमितीत, हाताने, पुढे वर्षानुवर्षं चालली. ब्राउन १८९२ मध्ये वारला. फिशर एकटा बसून गणित करत राहिला आणि सहा भागांतलं ते काम १८९५ पासून १९०४ पर्यंत छापून येत राहिलं. निष्कर्ष: गुरुत्वाकर्षण एकटं पुरत नाही, पाय पुढे येताना स्नायूंचं काम लागतंच. द्युशेन बरोबर होता.

एक माणूस, मोजक्या चाली, आणि दहा-बारा वर्षं. आपल्या एथिक्स कमिटीला किंवा रिव्ह्यूअरला नमुना संख्या एक म्हणून सांगा बघू! पण त्या एका माणसाच्या मोजमापात इतकी काळजी होती की नंतरच्या पिढ्यांनी पुनःपुन्हा तेच आकडे वापरले.

मग युद्धं आली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण या विषयाला पैसा आणि घाई युद्धांनीच दिली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ज्यूल आमार पाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामावर आणण्याच्या खटपटीत होता, आणि त्यासाठी त्याने स्प्रिंगांवर बसवलेला एक फलाट बनवला, ज्यावरून चालताना पाय जमिनीला किती जोराने ढकलतो ते वेगवेगळ्या दिशांत कळायचं. आजची फोर्स प्लेट त्याच वंशातली.

रशियात निकोलाय बर्नस्टाइनचं काम मात्र कारखान्यासाठी सुरू झालं. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत त्याला कामगारांच्या हालचाली मोजायला सांगितलं होतं. हेतू असा की सर्वोत्तम हालचाल शोधून सगळ्यांना तीच शिकवायची. त्याने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांच्या वाटा टिपल्या. आणि निघालं भलतंच. हातोड्याचं टोक जवळजवळ दरवेळी त्याच वाटेने जायचं, पण खांदा, कोपर, मनगट मात्र दरवेळी थोडं वेगळं वागायचं. म्हणजे एकच एक आदर्श हालचाल अशी काही नव्हतीच. पक्षाघातानंतर हात पुन्हा वापरायला शिकणाऱ्या रुग्णाला एकच हालचाल शंभरदा घोटायला लावायची की थोडं थोडं बदलत करायला लावायची, या आजच्या चर्चेचं मूळ इथे आहे. १९४८ मध्ये त्याला स्टालिन पुरस्कार मिळाला. त्यानंतर थोड्याच काळात पावलोव्हच्या विरोधात बोलतो म्हणून त्याच्यावर हल्ले झाले आणि त्याची प्रयोगशाळा गेली.

आता मुख्य गोष्टीकडे. दुसरं महायुद्ध संपता संपता अमेरिकेत हजारो तरुण हात-पाय गमावून परत आले होते, आणि त्यांना मिळणाऱ्या कृत्रिम पायांवर ते नाराज होते. सरकारने संशोधनाला पैसा दिला आणि १९४५ पासून कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात मोठा प्रकल्प सुरू झाला. प्रमुख दोघं: अस्थिशल्यचिकित्सक व्हर्न इनमन आणि हॉवर्ड एबरहार्ट. एबरहार्ट मूळचा सिव्हिल इंजिनियर, त्याने स्वतःच युद्धकाळातल्या एका अपघातात पाय गमावला होता.

त्यांचं म्हणणं रास्त होतं: कृत्रिम पाय बनवायचा तर आधी खरा पाय काय करतो ते कळलं पाहिजे. आणि ते कळायला त्यांनी जे केलं ते वाचून अंगावर काटा येतो. कातडीवर ठिपका लावला की कातडी हाडावरून सरकते, मग मोजमाप हाडाचं होत नाही. म्हणून त्यांनी स्वयंसेवकांना भूल देऊन कंबरेच्या, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात थेट स्टीलच्या पिना बसवल्या आणि त्या बाहेर आलेल्या पिनांवर खुणा लावून त्यांना चालवलं. पाय चालताना स्वतःभोवती किती पिळला जातो याचे १९४८ मध्ये छापलेले आकडे असे मिळाले आहेत. आज कुठलीही समिती सहजासहजी परवानगी देणार नाही, त्यामुळे हाडातल्या पिनांचे अभ्यास आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत आणि त्यांचे आकडे सोन्यासारखे जपले जातात.

इतकं कष्टाचं मोजमाप करणाऱ्या याच गटातून १९५३ चा तो पेपर आला. सॉन्डर्स, इनमन आणि एबरहार्ट. त्यात त्यांनी चालण्याचे सहा निर्धारक सांगितले. युक्तिवाद असा: समजा पाय म्हणजे कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन सरळ टोकं आहेत. असा माणूस चालला तर त्याचा गुरुत्वमध्य प्रत्येक पावलाला खूप वर जाईल आणि खूप खाली येईल, आणि त्यात ऊर्जा वाया जाईल. निसर्गाने हे टाळायला सहा युक्त्या केल्यात. कंबर पुढे-मागे फिरते, एका बाजूला थोडी झुकते, टेकलेल्या पायाचा गुडघा किंचित वाकतो, घोटा आणि पाऊल आपापलं काम करतात, गुडघा त्यांना साथ देतो आणि कंबर आडवी सरकते. या सगळ्यांनी मिळून गुरुत्वमध्याची वाट सपाट आणि गुळगुळीत होते, म्हणून ऊर्जा वाचते.

वाचायला किती छान वाटतं ना? एकेका युक्तीला एकेक चित्र. परीक्षेला विचारायला सोपं, पाठ करायला सोपं. डॉक्टर, फिजिओ, कृत्रिम अवयव बनवणारे, सगळ्यांना ते शिकवलं गेलं. लंगडणाऱ्या रुग्णाकडे बघायची एक चौकट मिळाली: सहापैकी कोणती युक्ती हरवली आहे ते शोधा.

पण त्या पेपरमध्ये ही सहा कामं गुरुत्वमध्य नक्की किती खाली आणतात, आणि त्याने ऊर्जा खरोखर वाचते का, याचं मोजमाप फारसं नव्हतं. ते भूमितीने सुचवलेलं गृहीतक होतं. ते सिद्ध झालंय असं वाचणाऱ्यांनी धरलं.

तपासणी सुरू व्हायला १९९० चं दशक उजाडलं, तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी कॅमेरे आणि संगणक आले होते. गार्ड आणि चिल्ड्रेस यांनी शिकागोत कंबरेचा झुकाव आणि गुडघ्याचं वाकणं तपासलं. निघालं असं की या हालचालींची वेळच जुळत नाही. गुरुत्वमध्य सर्वात उंचावर असतो तेव्हा त्या त्याला फारशा खाली आणत नाहीत. केरिगन यांच्या गटाने दाखवलं की गुरुत्वमध्याचं वरखाली होणं कमी करण्यात मोठा वाटा मागच्या पायाची टाच उचलण्याचा आहे. हे झालं भूमितीचं. मग २००५ मध्ये ओर्तेगा आणि फार्ली यांनी मुळालाच हात घातला. लोकांना त्यांनी सांगितलं, डोकं-कंबर वरखाली होऊ न देता, अगदी सपाट चाला. आणि त्यांचा ऑक्सिजनचा वापर मोजला. सिद्धांत खरा असता तर ऊर्जा कमी लागायला हवी होती. ती साधारण दुप्पट लागली. तुम्ही स्वतः घरात करून बघा, डोक्यावर भरलेली घागर आहे असं समजून गुडघे वाकवत चाला. पाच मिनिटांत मांड्या भरून येतील.

असं का, तर त्याचं उत्तर तोवर इटलीत चाळीस वर्षं पडून होतं. मिलानमध्ये काव्हान्या आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात फोर्स प्लेट वापरून दाखवलं होतं की टेकलेल्या पायावर शरीर उलट्या लंबकासारखं पुढे जातं. वर चढताना वेग कमी होतो, खाली येताना तो परत मिळतो. म्हणजे वरखाली होणं हा तोटा नाही, ऊर्जा साठवायची ती जागाच आहे. सपाट चालायचं म्हणजे ती जागा बंद करून स्नायूंना भुर्दंड लावायचा. दोन्ही स्पष्टीकरणं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी शिकवली जात होती, एक शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला आणि दुसरं अस्थिरोग विभागात. दोघांचं एकमेकांशी पटत नाही हे २००७ मध्ये आर्थर कुओ यांनी लेख लिहून स्पष्ट मांडलं.

आणि लंबक परत आला म्हटल्यावर वेबर बंधूंचाही थोडा न्याय करायला हवा. १९९० मध्ये टॅड मॅकगीअरने मोटर नसलेलं एक दोनपायी यंत्र बनवलं, जे थोड्याशा उतारावर ठेवलं की आपोआप पावलं टाकत खाली येतं. पाय खरोखर लंबकासारखे झोके घेतात. माणसात स्नायू झोक्याच्या सुरुवातीला धक्का देतात आणि मधल्या काळात बरेचसे शांत राहतात. मग वेबर चुकले की नाही? चाचणीच्या कागदावर या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायला सांगितलं तर मी तरी तो प्रश्न सोडून देईन.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, पण याने रुग्णाला काय फरक पडला? तर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं उदाहरण घ्या. बोटांवर चालणारं मूल दिसलं की टाचेची शिर लांब करायची, हा जुना उपाय. पुढच्या वर्षी गुडघा वाकलेला दिसला की मांडीमागचे स्नायू, त्याच्या पुढच्या वर्षी खुबा. मुलाचा प्रत्येक वाढदिवस दवाखान्यात, म्हणून मर्सर रँग या सर्जनने याला वाढदिवस सिंड्रोम असंच नाव दिलं. आणि एकट्या टाचेच्या शिरेची शस्त्रक्रिया केल्यावर काही मुलं पुढे आणखी गुडघे वाकवून, दबून चालायला लागली, कारण खरी अडचण वरच्या सांध्यात होती. अमेरिकेत डेव्हिड सदरलँड आणि पुढे न्यूइंग्टनमध्ये जेम्स गेज यांनी आग्रह धरला की आधी सगळे सांधे एकाच वेळी मोजा, मग एकदाच काय ते करा. गेजची लॅब १९८१ ची. आज एका बैठकीत अनेक पातळ्यांवर शस्त्रक्रिया करतात, त्यामागे ही मोजमापं आहेत.

पण मोजमापाच्या बाजूने बोलताना दुसरी बाजूही वाचा. २००३ मध्ये नूनन आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीचे तेच ११ रुग्ण चार वेगवेगळ्या केंद्रांत तपासले, आणि बहुतेकांना केंद्रागणिक उपचारांचा सल्ला वेगळा मिळाला. थोडा फरक आकड्यांत होता, बराचसा आकड्यांच्या अर्थात. २००९ च्या मॅकगिन्ली यांच्या आढाव्यात दिसतं की एकाच माणसाचं पुन्हा मोजमाप केलं तर बहुतेक कोनांमध्ये पाच अंशांपर्यंत फरक येतो. याचं मोठं कारण म्हणजे मार्कर लावणारा हात. मांडीच्या फिरण्याच्या कोनात तर त्याहून जास्त. म्हणून तुमच्या प्रबंधात व्यायामानंतर गुडघ्याचा कोन तीन अंशांनी सुधारला असं आलं आणि पी-व्हॅल्यू कितीही गोड आली, तरी पहिला प्रश्न असा विचारा की मार्कर दोन्ही वेळा एकाच व्यक्तीने लावले होते का.

स्टॉपवॉचलाही कमी लेखू नका. २०११ मध्ये स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांमधल्या ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ लोकांचा डेटा एकत्र केला. साध्या चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा संबंध इतका सरळ निघाला की सेकंदाला ०.१ मीटर वेग जास्त असला तरी जगण्याची शक्यता वाढलेली दिसत होती. कारण आणि परिणाम इथे वेगळे करता येत नाहीत, भरभर चालल्याने आयुष्य वाढतं असं ते म्हणत नाहीत. पण काही मीटरचा पट्टा आणि घड्याळ, एवढ्यावर हे उभं आहे. वेबर बंधूंकडे होतं तेवढंच सामान.

आता आपल्याकडचं थोडं. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे तेही युद्धाचंच अपत्य. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. पण इतिहासाच्या या धाग्याला खरी गाठ बसते ती जयपूरमध्ये. बर्कलीच्या प्रकल्पाने १९५० च्या दशकात एक कृत्रिम पाऊल तयार केलं होतं, आत लाकडाचा कडक कणा आणि टाचेला मऊ गादी. बुटात घालून सपाट फरशीवर चालायला उत्तम, आणि ते जगभर गेलं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आलं की रुग्ण हे पाऊल घेऊन जातात आणि वापरत नाहीत. कडक कण्यामुळे घोट्यात वाकता येत नाही, म्हणून उकिडवं बसता येत नाही. बूट काढता येत नाही, म्हणून देवळात आणि स्वयंपाकघरात जाता येत नाही. शेतातल्या चिखलात ते टिकत नाही. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तो कणा काढून टाकला आणि व्हल्कनाइझ केलेल्या रबराचं, सगळ्या बाजूंना वाकणारं, अनवाणी चालता येईल असं पाऊल बनवलं.

बर्कलीवाल्यांचं मोजमाप चुकीचं नव्हतं. त्यांनी चालणं मोजलं होतं, बसणं मोजलंच नव्हतं. सपाट जागेवर चालताना गुडघा जास्तीत जास्त साधारण साठ अंश वाकतो. उकिडवं बसायला किंवा मांडी घालायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. २००१ मध्ये मलहॉलंड आणि वाइस यांनी सांध्यांच्या इम्प्लांटच्या संदर्भात हाच मुद्दा काढला होता, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या लोकांच्या रोजच्या हालचालींना काय लागतं.

आणि इथे एक अडचण आहे जी तुमच्यापैकी कुणाला तरी उपयोगी पडेल. लेखाच्या सुरुवातीला ज्या मार्करची यादी दिली त्यातले कंबरेच्या पुढच्या हाडावरचे दोन आठवतात? माणूस उकिडवा बसला की पोट आणि मांडी यांच्या घडीत ते जातात आणि कॅमेऱ्याला दिसेनासे होतात. कंबर गेली की खुब्याचा केंद्रबिंदू गेला, खुबा गेला की मांडी आणि गुडघ्याचं सगळं गणित डळमळलं. त्यात मांडीवरची कातडी खोल वाकण्यात सर्वात जास्त सरकते. कंबरेच्या मागच्या बाजूला मार्करचा गुच्छ लावणं, सेन्सर वापरणं, मार्करशिवाय व्हिडिओवरून मोजणं, असे मार्ग लोक वापरतात. विषय शोधत असाल तर यातला कुठलाही एक घ्या आणि पहिले सहा महिने फक्त त्याची चूक किती आहे ते मोजा. गाईडला कंटाळवाणं वाटलं तर त्यांना ब्राउन आणि फिशरची गोष्ट सांगा.